कुसुदाबाईंची पाकिटं

१० फेब्रुवारी
देवदारांनी पराग सोडायला सुरुवात केली. काउंटर, तराजू, माझा चष्मा — सगळं पिवळं. दुपारपर्यंत बारा जण शिंकत आले.

डॉक्टर हिराओ नारा शहरातून पाकिटं घेऊन आले. निम्म्यांत आमचा आलं-दालचिनीचा जुना काढा, भुकटी करून. निम्म्यांत नकली, तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला काय, ते फक्त त्यांच्या तिजोरीला ठाऊक. मी नंबर बघून पाकिटं द्यायची, माणसांनी रोजच्या शिंका कार्डावर लिहायच्या. "वहिनी, आजीबाईच्या बटव्याला पुरावा लागतो," म्हणाले. हसून म्हणाले! सासऱ्यांनी चाळीस वर्षं दिलेलं औषध. दाखवतेच यांना!

१७ फेब्रुवारी
कुसुदाबाई आल्या. चौथीत अक्षरं गिरवायला यांनीच माझ्या हाती कुंचला दिला. शाळेच्या निरोपाच्या दाखल्यांवर दर मार्चला मुलांची नावं कुंचल्याने अजून त्याच लिहितात. यंदा एकतीस. पण शिंक आली की शाई उडते — नऊ कागद वाया गेले म्हणाल्या.

पाकीट दुकानातच गरम पाण्यात ढवळून प्यायल्या. "काय गं तोमोए, नुसतं दालचिनीचं पाणी! जीभसुद्धा बधिर होत नाही."

म्हणजे बाईंच्या वाट्याला नकली! खऱ्या औषधातल्या एका मुळीने जीभ बधिर होतेच.

१८ फेब्रुवारी
केलं.
बाईंची पाकिटं "ओल लागलीय" म्हणून परत घेतली. आमच्या बरणीतलं खरं भरून, वर तोच नंबर घालून दिली. बाईंसाठी केलं. — छे, खोटं कशाला लिहू? माझ्या तोऱ्यासाठीही केलं.

२५ फेब्रुवारी
बाईंचं कार्ड: सव्वीस शिंकांवरून सात! "आता गोड लागतंय," म्हणाल्या. मानवलेलं औषध गोड लागतं, असं आमच्यात म्हणतातच. मला नाचावंसं वाटलं.

९ मार्च
शाळेचे उपमुख्याध्यापक खोकल्याच्या गोळ्यांना आले. "बाईंचा हात कापतो हो. नावं तिरकी गेली. यंदा छापूनच घेतो."

दुकान तसंच टाकून धावले. बाई भिंतीला टेकून बसलेल्या, नाडी नुसती पळत होती.
"कधीपासून?"
"झाले आठ-दहा दिवस."
"कार्डावर का नाही लिहिलंत?"
"तुझ्या दुकानाचं औषध! मी लिहायचं आणि चारचौघांत तुझी मान खाली घालायची होय?"

औषध बंद केलं. त्यातल्या एका औषधी काडीने काहींची छाती धडधडते, हे मला पाठ आहे. चोवीस वर्षं पाठ आहे! बाईंना एकदाही विचारलं नाही.

१० मार्च
नावं छापून आली.

१४ मार्च
धडधडीचं हिराओंना कळवलं होतं. तेवढंच. त्यांनी तिजोरीतली बाईंच्या नंबराची चिठ्ठी उघडली. "अहो, त्या तर नकली घेत होत्या! तुमच्या औषधावर डाग नाही. अभिनंदन, वहिनी!"

सांगायला तोंड उघडलं. "आभारी आहे" बाहेर पडलं. लाज वाटते. हे लिहितानाही वाटते.

२० मार्च
बाईंकडे गेले. चटईला कपाळ टेकवून सगळं सांगितलं. आता बऱ्या आहेत, हात मात्र अजून मांडीखाली दाबून बसतात.
"चव बदलली तेव्हाच कळलं मला," म्हणाल्या. "शिंका थांबल्या, म्हणून गप्प बसले. ऊठ आता, चहा घे."
मी म्हटलं, उद्याच डॉक्टरांना सांगते.
"सांग," म्हणाल्या.

२१ मार्च
आज सुट्टी. उद्या.

२२ मार्च
गिऱ्हाइकांची रीघ. उद्या नक्की.

२५ मार्च
हिराओंचा फोन. बाईंनी त्यांना पत्र पाठवलंय — "खरं औषध दुसऱ्या दुकानातून आणून मीच चोरून घेत होते, तोमोएचा काही संबंध नाही." डॉक्टरांनी चाचणीच्या यादीतून नाव काढलं त्यांचं. "खोटारडी म्हातारी!" म्हणाले. "वहिनी, तुम्हाला काही कल्पना होती?"

मी "नाही" म्हणाले.