चोविसाव्या जागेची भानगड

४ जून

ती. मामीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

आधी तब्येत विचारते, नाहीतर तू म्हणशील पोरीला कामापुरती मामी आठवते. गुडघा कसा आहे? बरं, आता काम.

आमच्या कारखान्यात मक्याचं पेरणी यंत्र तयार झालंय. गेली तीन वर्षं मी त्याच्याशीच संसार करतेय, असं आई म्हणते. यंत्रात चोवीस भोकांची एक चकती आहे. ती फिरते आणि एकेका भोकातून एकेक दाणा, वीस-वीस सेंटिमीटरवर, जमिनीत पडतो. म्हणजे पडायला हवा. कारखान्यात टेबलावर दर फेऱ्याला बरोब्बर चोवीस दाणे पडतात, पण साहेबांना शेतात उगवलेली ओळ बघायचीय. शंभरातल्या पंचाण्णव जागी नीट एकेक रोप आलं नाही तर यंत्र भंगारात आणि मी सुट्या भागांच्या काउंटरवर, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. ते हसून सांगतात तेव्हा ते खरं असतं.

म्हणून तुमच्या विहिरीजवळचा अर्धा एकर हवा. मामांना तूच सांग, तुझं ऐकतात. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी मी टेप घेऊन येईन.

लोभ आहेच, तो अर्ध्या एकराने वाढवावा.

तुझी,
भिंगरी

१७ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे मामा माझं ऐकतात ही अफवा कोण उठवतं ते एकदा मला कळायला हवं. जमीन द्यायला मात्र लगेच तयार झाले. पेरणीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून, हात मागे बांधून यंत्रामागून असे चालत होते, जसं काही यंत्र यांनीच शोधून काढलंय! मग घरी येऊन मला म्हणाले की आता माणसाची गरज उरली नाही. मी म्हटलं, मग जेवणही यंत्राकडेच मागा. संध्याकाळपर्यंत माणसाची गरज पुन्हा उत्पन्न झाली.

मका उगवलाय. ओळी कशा आहेत ते आत्ता विचारू नकोस, येशील तेव्हा बघ. तू फक्त वेळेवर जेव आणि झोप. काउंटरवर वगैरे कोणी बसवत नाही तुला. मी आहे ना!

आल्यावर निदान दोन दिवस तरी राहावं, हीच विनंती आणि हाच हुकूम.

तुझी मामी

३० जून

ती. मामीस सा. न.

मामी, शंभरात शंभर! काल तुझ्यासमोर तीनदा मोजलं, तरी खरं वाटेना. आज कारखान्यात आकडा सांगितला तर साहेबांनी माझा टेपच तपासायला मागवला. असं यंत्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नाही म्हणाले. दहा तारखेला वीस यंत्रं बाहेर पडणार आहेत, सगळ्यांना माझ्याच नमुन्याची चकती. आई फोनवर रडली. मामांना म्हणावं, शर्ट पुन्हा धुऊन ठेवा.

आनंदात चूकभूल झाली असेल, पदरात घ्यावी.

तुझी,
भिंगरी

३ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. बाळ, ती शंभर रोपं सगळी यंत्राची नव्हेत.

मका उगवला तेव्हा ओळीत मधेमधे दात पडलेले. पाहुणे येणार आणि ओटा झाडायचा नाही, हे मला जन्मात जमलं नाही. तुझ्या वीस सेंटिमीटरच्या मापाची काठी तोडली आणि गुडघ्याला पट्टी बांधून सहा दिवस रोज सकाळी नांग्या भरल्या. जिथे दोन रोपं चिकटून होती तिथलं एक उपटायचं आणि पुढच्या रिकाम्या जागी लावायचं. वर पाणीही घातलं, कोमेजू नये म्हणून. तुझं काम वाचेल, एवढंच डोक्यात होतं. वीस यंत्रं निघणार हे वाचलं आणि लिहायला बसले. वीस ठिकाणी जायला मला पाय कुठून आणू?

एक सांगते, यंत्र चुकतं तेही शिस्तीत. आधी जुळं, लगेच पुढची जागा रिकामी, मग बावीस रोपं शहाण्यासारखी, की पुन्हा जुळं आणि रिकामी जागा. एक उपटायचं, एक लावायचं. मला वाटलं, कारखान्यात असंच शिकवत असतील.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझी मामी

८ जुलै

ती. मामीस सा. न.

रागावले. चांगली दोन तास रागावले. मग बावीस आणि दोन यांची बेरीज केली आणि पळत जाऊन चकती उघडली. एक भोक आपली जागा सोडून शेजारच्या भोकाला जवळजवळ चिकटलेलं. तो नमुना मीच हाताने आखला होता, मामी. आम्ही दाणे मोजत बसलो, दोन दाण्यांतलं अंतर कुणी मोजलंच नाही!

खरं सांगते, गप्प बसावं असंही वाटलं. पण साहेबांकडे गेले आणि माझी चूक, तुझी काठी, सगळं सांगितलं. ते हसलेही नाहीत आणि ओरडलेही नाहीत, त्यानेच मी जास्त घाबरले. यंत्रं थांबवली आहेत. नव्या चकतीने तुमच्या पलीकडच्या पट्ट्यात पुन्हा पेरायचं, मोजायला ते स्वतः येणार, आणि ही शेवटची संधी. तोवर तू बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाहीस. काठी मामांच्या ताब्यात द्यावी.

माया करावी, पण लांबून.

तुझी,
भिंगरी

३ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

साहेबांनी शंभरात सत्त्याण्णव म्हटलं आणि तू विहिरीमागे जाऊन रडलीस, ते मी पाहिलं. मीही रडले, पण स्वयंपाकघरात. तीन आठवडे वाळीत टाकल्यासारखी बांधाबाहेर उभी होते. तुझे मामा रोज शेतातून येऊन मका छान आहे एवढंच सांगायचे, वर हसायचे.

तुम्ही गेलात तसे ते म्हणाले, परीक्षा संपली, आता जा बाई आणि भर तुझ्या नांग्या. आज सकाळी मी डब्यात रुजवलेली तीन रोपं ओंजळीत घेऊन गेले. रिकाम्या जागी साहेबांनी खुणेच्या काड्या रोवल्यात तिथे वाकले आणि हात पुढे होईना. म्हटलं, या जागा मी बुजवल्या तर यंत्राचं काम कुठलं आणि माझं कुठलं, ते पुन्हा कुणाला कळणार? तशाच ठेवल्यात. येताजाता जीव तुटतो, पण ठेवल्यात.

ती तीन रोपं परसात लावली. काठी न घेता, जशी आली तशी.

तुझी मामी