चि. मंदाकिनीच्या बालवर्गाची पूर्वतयारी

२४ सप्टेंबर १८९४, सोमवार
मुंबईहून व्ही.पी.ने पेटी आली. आतील जिन्नस: लोकरीचे रंगीत चेंडू सहा, लाकडी गोळा एक, मोठा ठोकळा एक, लाटण्याच्या तुकड्यासारखा एक, लहान ठोकळे आठ. साडेतीन रुपये, टपाल सहा आणे. पोस्टमनने दिवाळीचे पोस्त आत्ताच मागितले. दिले नाही.
इकडून विचारणे झाले, एवढ्या पैशांत आले काय? मी म्हटले, शिक्षण. इकडून पेटीत पुन्हा एकदा डोकावणे झाले.
दिवाळीनंतर टेंभी नाक्याजवळच्या कन्याशाळेत बालवर्ग निघतो आहे. जागा बारा. मंदीला चार पुरी झाली. पुण्याहून ट्रेनिंग घेतलेल्या सुमतीबाई मुली स्वतः पाहून घेणार. सासूबाईंनी स्पष्ट सांगितले, घेतली तर घेतली. नाही तर शाळेचे नाव पुन्हा काढायचे नाही, आठवे लागले की स्थळ बघायचे. चिंता नाही. ठाण्यात मॅट्रिक झालेली आई दुसऱ्या कोणत्या मुलीला आहे?
संकल्प: रोज दोन तास अभ्यास. मुळीच रागवायचे नाही. पेटीतले काही नासू द्यायचे नाही.

२५ सप्टेंबर
मंदीने तांबडा चेंडू चाटला. रागावले. (न रागवणे उद्यापासून.) लोकर धुतली तर रंग जाईल. पेटी देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवली. लांबून दाखवूनही शिकवता येते. निरीक्षण हे शिक्षणाचे पहिले अंग.

२८ सप्टेंबर
उत्तम प्रगती. पेटी उघडली की मंदी आपण होऊन हात मागे बांधते.
आज दोन तासांऐवजी दहा मिनिटे झाली, नवरात्राची झाडलोट होती. उरलेला वेळ मंदी पडवीत रखमाबाईजवळ. रखमाबाई कळव्याहून धान्य निवडायला येते. दोघी तांदळातले खडे काढून पांढरे, काळे, तांबडे असे ढीग लावत होत्या. मी रखमाबाईला ताकीद दिली, पोरीचा वेळ दवडू नकोस. ती म्हणाली, मी कं करू बाय, तीच येतं माझ्याजवल. तुमचे पेटीला मी हात नाय लावला.
तेवढी समज तिला आहे, हे बरे.

३ ऑक्टोबर
शेजारच्या कमळाबाई आल्या. त्यांच्या वासंतीलाही बालवर्गात घालायचे आहे. कमळाबाई दुसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेल्या, वासंती दिवसभर परसात चिखलाचे लाडू वळते. दया आली. म्हणाल्या, अहो, घटकाभर द्या ना ती पेटी, पोरी मिळून खेळतील. मी पेटी उघडून दोघींना दर्शन घडवले. बंद केली. जाताना कमळाबाई म्हणाल्या, आता तीर्थप्रसाद पण द्या.
मत्सर. दुसरे काही नाही.

५ ऑक्टोबर
भोंडल्याला मंदीला पाठवले नाही. फेर धरून गोल फिरण्याने बुद्धीला काय मिळते? सासूबाईंनी परस्पर नेली. झाकलेली खिरापत वासावरून ओळखण्यात मंदी पहिली आली म्हणे. प्रवेशाशी याचा संबंध नाही.
दोन तासांचा नेम दसऱ्यापासून कडक.

९ ऑक्टोबर, दसरा
सरस्वतीपूजन यथासांग. पाटी, पोथी, माझे मॅट्रिकचे सर्टिफिकेट आणि पेटी पाटावर मांडली. मंदीने आठही ठोकळ्यांना गंध, अक्षता, झेंडूचे फूल वाहिले. मी समजावले, ही विद्येची साधने, यांना पाय लावायचा नाही, उष्टा हात लावायचा नाही, आज जागचे हलवायचे नाही. तिने विचारले, मग उद्या हलवायचे? मी म्हटले, उद्याचे उद्या पाहू.

१२ ऑक्टोबर
मंदीने पुन्हा विचारले नाही. सकाळी आंघोळीनंतर आपण होऊन पेटीला नमस्कार करते. श्रद्धा बाणली की ज्ञान मागून येतेच. इकडून म्हणणे झाले, मागून येताना वाट चुकायला नको. कचेरीत दिवसभर अर्ज नाकारून नाकारून स्वभावच तसा झाला आहे.

२२ ऑक्टोबर, सोमवार
परीक्षा झाली. आठवेल तसे लिहिते.
सुमतीबाई खुर्ची सोडून चटईवर बसल्या होत्या. समोर मुली, आया भिंतीशी. बाईंनी पेटी काढली, हुबेहूब आमच्यासारखी. मला भरून आले. मी कमळाबाईंकडे पाहिले.
बाईंनी आठ ठोकळे मंदीपुढे ठेवले. म्हणाल्या, बाळ, घर बांध बरे. मंदीने मांडी घातली, हात जोडले. बाईंनी पुन्हा सांगितले. मंदी म्हणाली, तुम्ही हात धुतलेत का? बाई निमूट उठल्या आणि हात धुऊन आल्या.
इतक्यात वासंतीने एक ठोकळा उचलला. मंदीने तिचे मनगट धरले. म्हणाली, उष्टा हात, पाप लागेल! वासंतीने भोकाड पसरले. बाकीच्या मुलींनी भराभर हात मागे घेतले. मग मंदीने आरती सुरू केली, सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या. वासंतीही, रडत रडत. बाई ठोकळ्याला हात घालत, की दहा मुली ओरडत, पाप, पाप!
बाईंनी मला विचारले, घरी यांच्याशी कशी खेळते? मी अभिमानाने सांगितले, खेळत नाही, फार जपते. बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. प्रभाव पडला असावा.
नंतर त्यांनी परसातून ओंजळभर खडे आणून ओतले. मंदीने रंगांचे ढीग केले, मग प्रत्येक ढिगाची मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावली, पुढे त्यांचे फूल मांडले. बाईंनी विचारले, हे कुणी शिकवले? मी म्हटले, निरीक्षण. मंदी म्हणाली, रखमाबाईने.
मुले काहीही बोलतात.

२४ ऑक्टोबर
वासंतीला जागा मिळाल्याचे पत्र आले. कमळाबाई पेढे घेऊन आल्या. आमचे पत्र टपालात अडकले असणार.
सासूबाई म्हणाल्या, झाली ना हौस? मंदी माझ्या पदराआड येऊन विचारते, आई, मी देवाचे काही चुकवले का? मी म्हटले, नाही गं. आज जेवण गेले नाही. पित्त असावे.

२६ ऑक्टोबर, दुपार
पत्र आले! मंदाकिनीस घेतले आहे. मात्र पहिला महिनाभर तिच्या आईने रोज बारा ते दोन वर्गात यावे.
अर्थ उघड आहे. मॅट्रिक बाई ठाण्यात मिळणे कठीण, शाळेने ओळखले. इकडे सांगितले, माझी नेमणूक झाली. इकडून पत्र वाचणे झाले, मिशीतल्या मिशीत हसणे झाले आणि विचारणे झाले, कागद उलटला होता का?
मागे लिहिले होते: आईने वर्गात काही शिकवू नये. मुलींबरोबर बसून खेळावे. ठोकळ्यांना हात लावला तर चालतो, हे मुलीला आईचा हात पाहिल्याशिवाय पटणार नाही.
सासूबाई आता मोडता घालणार असे वाटले. त्या म्हणाल्या, एकीच्या फीत दोघी शिकतात, वाईट काय? दुपारचे चूल-पोतेरे मी बघते.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ
उत्तराचा मसुदा. कागद वाया जायला नको म्हणून आधी येथेच लिहिते.

श्रीमती सुमतीबाई यांस सा. न. वि. वि. पत्र पावले. चि. मंदाकिनी व मी दोघी भाऊबीजेनंतर हजर होऊ. (सोबत सर्टिफिकेट आणते, हे वाक्य खोडले.) मला मांडी घालून दोन तास बसता येते. माझे लग्न नवव्या वर्षी झाले, त्यामुळे चेंडू झेलण्याची सवय फारशी राहिली नाही. आज मंदीला समोर बसवून आठ ठोकळ्यांचे घर बांधून पाहिले. तीनदा पडले. चौथ्यांदा तिने हात धुऊन येऊन एक ठोकळा सरकवून दिला, तेव्हा राहिले. तरी घर बांधता येणे पहिल्या दिवशीच आवश्यक आहे, की ते वर्गात शिकवतात, हे कृपा करून उलट टपाली कळवावे.