उलट्या गिअरातला मासा

नाना,

आज सकाळी नातवानं त्याची नवी गाडी गल्लीतून मागं काढली. मी शेजारी बसले होते. पठ्ठ्यानं एकदाही मान वळवून पाहिलं नाही. त्याच्यापुढं एक पडदा आहे, त्यात मागचं सगळं दिसतं, आणि भिंत जवळ आली की गाडी स्वतःच ओरडायला लागते. मी म्हटलं, "अरे, माझे वडील राजाबाजारापासून गुलमंडीपर्यंत उलट्या गिअरात गाडी घेऊन गेले होते. आणि तेही न बघता." तर तो म्हणतो, "आजी, फेकू नकोस." आता याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा. गाडीतून उतरले ती तशीच कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, या घरात तुमचा मासा पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि मला फेकाडी ठरवून ही पोरं मोकळी होतात.

तुमचं सगळं शिक्षण उर्दूत. नकाशांच्या कचेरीत तुम्ही निजामाच्या अमदानीत लागलात, आणि नकाशावरची अक्षरं तुमच्याच हातची पाहिजेत असा साहेबांचा हट्ट असायचा, हे आई आल्या-गेल्याला सांगायची. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, आणखी काही वर्षांनी कागदांवर मराठी आली. मराठी तर आपण घरात बोलतच होतो, पण तुमच्या हाताला ती ठाऊक नव्हती. तुम्ही देवनागरी गिरवलीत, सुरेख गिरवलीत, फक्त हात उजवीकडूनच निघायचा. 'औरंगाबाद' काढायचं तर आधी द, मग बा, मग गा, असं करत तुम्ही औ वर येऊन थांबायचात. पुरं झालं की अक्षर न् अक्षर जागच्या जागी, कुणाची बोट ठेवायची टाप नाही. आता गावाचं नाव बदललंय नाना. तुम्ही असतात तर पाटी रंगवताना आधी शेवटचा र काढला असतात, आणि बघे जमले असते.

कचेरीत तुम्हाला उलटेराव म्हणतात हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाही. ते मला कळलं ते डबा द्यायला आले त्या दिवशी. शिपायानं दारातूनच आत आवाज दिला, "ओ उलटेराव, तुमची पोरगी आली!" आणि आतले सगळे हसले. तुम्हीही हसतच बाहेर आलात, पण कान लाल झाले होते. डबा घेताना तुम्ही मला उगाचच विचारलंत, "भाजी कोणची आहे?" मी मॅट्रिक झालेली घोडी, मला एवढं कळणार नाही असं तुम्हाला वाटलं कसं? सबंध रस्ताभर मी त्या शिपायाचा उद्धार करत घरी आले. भाजी शेपूची होती.

त्याच साली मंडळाची पोरं विसर्जनासाठी काहीतरी नवीन पाहिजे म्हणून आली आणि तुम्ही म्हणालात, "मी करतो. गाडी करतो. चालणारी." आईनं कपाळावर हात मारला. गॅरेजवाले चाचा तुमचे उर्दू शाळेतले दोस्त, एका बाकावरचे. छावणीतल्या लष्कराच्या लिलावातून त्यांनी एका जीपचा सांगाडा आणून ठेवला होता, चार चाकं, इंजिन आणि स्टेअरिंग, वर काहीही नाही. तो बघून तुम्हाला मासा सुचला. मासाच का, असं आईनं विचारलं तेव्हा तुमचं उत्तर तयार होतं, "हत्तीला पाय लागतेत, मोराला पिसारा लागतो. माशाला काय लागतंय? डबे." मग जुन्या बाजारातून रॉकेलचे डबे यायला लागले. ते कापून, ठोकून सपाट करून आपण खवले केले. मोडक्या लोखंडी खाटांच्या पट्ट्यांचा सांगाडा, छत्र्यांच्या काड्यांचे पर, ट्रकच्या दिव्यांचे डोळे. शिलाई मशीनचं चाक आणि सायकलची साखळी लावून शेपटी हलवायची तुमची युक्ती तर मला आजही नीट सांगता येत नाही, पण ती हलायची, हे खरं.

"सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगणात मासा!" आई म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "अगं, मत्स्यावतार आहे तो." त्यावर ती म्हणायची, "अवतार तर तुमचा झालाय. आरशात बघा जरा." आणि खरंच, केसांत गंज, धोतराला ऑइल, हाताला चिंध्या बांधलेल्या. तरी पोळ्या लाटता लाटता ती खिडकीतून बघत असायची. एकदा तर म्हणाली, "डोळे जरा खाली घ्या, रागावल्यासारखा दिसायलाय." तुम्ही डोळे खाली घेतलेत. मी तुम्हाला इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं. कचेरीतून यायचात, चहा उभ्यानंच घ्यायचात आणि कात्री उचलायचात. मला एकदा म्हणालात, "मिरवणुकीला कचेरीतले झाडून सगळे गुलमंडीवर उभे ऱ्हातेत. बघू देत त्यांना." तेव्हापासून मासा माझाही झाला.

आपलं घोडं कुठं पेंड खात होतं ते आपल्या दोघांनाही कळलं नाही. माशाचं चित्र तुम्ही काढलंत. जीपच्या सांगाड्याचं मी काढलं, गॅरेजात तुम्ही टेप धरून मापं सांगत होतात आणि मी लिहून घेत होते. तुम्ही म्हणालात, "पुढं दोन भोकं, लांब लांब. मागं दोन, जवळ जवळ." मी उजव्या हाताला 'पुढं' लिहिलं. शाळेत मला सगळं उजवीकडंच पुढं जाताना शिकवलेलं, ओळ, पान, आगगाडीचं चित्रसुद्धा. आणि तुम्ही घरी माशाचं तोंड डाव्या हाताला काढलेलं, कारण तुमचं 'पुढं' आयुष्यभर डावीकडं. चाचांनी दोन्ही कागद काठाला काठ लावून एकावर एक ठेवले, त्यावरून माशाखाली लोखंडी पाय जोडले आणि त्यांना बिनघोर भोकं पाडली. मासा आपल्या अंगणात, जीप त्यांच्या गॅरेजात. दोघांची गाठ पडली ती थेट मिरवणुकीच्या दिवशी सकाळी, मासा बैलगाडीत घालून नेला तेव्हा.

आठ-दहा जणांनी तो उचलून जीपवर ठेवला. भोकात भोक चपखल बसलं. आणि मग दिसलं. स्टेअरिंग शेपटीखाली आलं होतं आणि तोंड जीपच्या मागच्या बाजूला. चाचा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "क्या पंडित, तुमारी मच्छी पीछे कुछ भूल गई क्या? मुडके देख री!" पोरं खो खो हसायला लागली. फिरवून बसवायचा तर सगळे पाय तोडून पुन्हा जोडायला हवे होते, आणि मिरवणूक दुपारी. तुम्ही एका टायरवर बसलात, चष्मा काढून पुसत राहिलात. ते मला अजून दिसतंय, तुम्ही पुसताय, पुसताय, काच केव्हाच साफ झालीय. मग तुम्ही म्हणता, "ऱ्हाऊ द्या. झाका त्याला. आधीच काय कमी नावं ठेवतेत? आज तर आपणच पुरावा घेऊन चाललो."

मला संताप आला, नाना. तुमचा नाही, त्या टायरचा, त्या शिपायाचा, सगळ्याचाच. मी ओरडले, "उलटा झालाय ना? मग उलटाच चालवा की!" मी आपली रागाच्या भरात बोलले. पण चाचांनी बोट वर केलं. "बेटी सई बोल री. रिवर्स गेर हैच ना गाडी कू. कायकू डरते?" तुम्ही चष्मा डोळ्याला लावलात आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंत. मासा तोंड पुढं करून चालणार, तुम्ही शेपटीत बसून त्याच्या पाठीमागं बघत गाडी हाकणार, आणि तोंडात बसून मी तुम्हाला रस्ता सांगणार, असं ठरलं. लगेच गॅरेजच्या आवारात चालवून बघितलं. मी ओरडले, "डावीकडं!" तुम्ही विचारलंत, "तुझ्या का माझ्या?" तेवढ्यात मासा चाचांच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळला. आपलं डावं-उजवं पण एकमेकांच्या उलट, हे तेव्हा ध्यानात आलं. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. दोन्ही बाजूंची दुकानं आपल्याला तोंडपाठ होती, तेव्हा दुकानांचीच नावं घ्यायची.

आणि मग ती दुपार. ढोल, गुलाल, पुढं गणपतीची बैलगाडी, तिच्यामागं आपला मासा, उन्हात खवले असे चमकतायत की माणसं डोळ्यांवर हात धरतायत. उलट्या गिअरातलं ते इंजिन एकसारखं कण्हत होतं आणि चाचा बादली घेऊन शेजारून चालत त्याला पाणी पाजत होते. मी माशाच्या जबड्यात बसून घसा फोडतेय, "कापडवाला, कापडवाला! थोडं औषधवाला! आता हलवाई, नाना, हलवाई!" हलवायाला वाटलं पोरीला भूक लागलीय. तो बिचारा द्रोणभर पेढे घेऊन धावत आला आणि माशाच्या तोंडात ठेवून, नमस्कार करून गेला. लोक म्हणत होते, "अरे, ड्रायव्हर बघतच नाही! पाठ करून बसलाय!" कुणाला वाटलं मुद्दाम केलंय, कुणाला वाटलं काही मंतरलंय. कुठल्याशा माडीवरून एक म्हातारी दोन्ही हातांनी फुलं टाकत होती.

गुलमंडीवर एका दुकानाच्या ओट्यावर कचेरीतली मंडळी उभी होती. मी त्यांना लांबूनच ओळखलं. मोठे साहेब, चष्मेवाले कारकून, तो शिपाई. तुमची पाठ त्यांच्याकडं. मासा जवळ आला, तुम्ही शेपटीत बसलेले त्यांना दिसलात, आणि एकानं तोंडाशी हात धरून ते कचेरीतलं नाव मोठ्यांदा घेतलं. हसण्याची लाट उठली. तुम्ही आतून विचारलंत, "काय म्हणायलेत गं?" मी म्हटलं, "छान म्हणायलेत, नाना! छान म्हणायलेत!" आणि लगेच, "कापडवाला, जरा कापडवाला!" मासा पुढं सरकला. मला मागचं दिसत नव्हतं, मी पुढचं बघत होते. तुमच्या शेपटीच्या फटीतून ते ओट्यावरचे सगळे तुमच्यापुढं आले असतील, तोंडासमोर, अगदी हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला सांगितलंत. ती भाकरी थापत होती, मी लसूण सोलत होते. "ही म्हणली, छान म्हणायलेत. म्हणून मी असा हात उचलला अन् आदाब केला, पहिल्यासारखा, निजामाच्या वेळी कचेरीत करायचो तसा. तर काय सांगू, सगळ्यांचे हात वर आले. सगळ्यांचे. मोठ्या साहेबाचासुद्धा. सवय हो, हाताची सवय." आई म्हणाली, "बरं झालं." तिचे डोळे भरले होते आणि तिनं धुराला बोल लावला. पुढं ही गोष्ट तुम्ही पेन्शनीत गेल्यावरही सांगायचात, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगितलीत. सांगताना हात खरंच कपाळाकडं जायचा. मला फार आवडायचात तुम्ही तेव्हा.

मला शंका यायला बरीच वर्षं लागली. मी दोन पोरांची आई झाले, शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले, आणि एकदा पोरांना हीच गोष्ट सांगताना मध्येच थांबले. त्या गोंगाटात माझा 'हलवाई' तुम्हाला शेपटीत ऐकू जात होता. मी तर माशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि तो ओरडणारा तुमच्यापासून किती लांब होता? मी तुम्हाला 'छान' सांगितलं, हे तर मला ठाऊकच आहे. पण ते वर आलेले हात? ते खरंच आले होते का हो, नाना, का तुम्हीही मला 'छान'च सांगितलंत?

चाचा त्या दिवशी बादली घेऊन शेजारूनच चालत होते. त्यांनी सगळं पाहिलं असणार. तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी ते घरी आले, खुर्चीत बसले, जरा वेळ तुमच्या फोटोकडं बघत राहिले आणि म्हणाले, "उस दिन गुलमंडी पे, बेटी, तेरे अब्बा ने..." आणि मी म्हटलं, "थांबा चाचा, चहा टाकते," आणि आत निघून गेले. बाहेर आले तोवर ते दुसऱ्याच कुठल्या विषयावर गेले होते. मी काही त्यांना मागं आणलं नाही, आणि आता तेही नाहीत.

हा कागद कुठल्या डब्यात टाकू? घडी घालून ठेवते. नातवाला मी उद्या पुन्हा सांगणार आहे, सगळ्यांचे हात वर आले होते, मोठ्या साहेबाचासुद्धा. तुम्हाला म्हणून सांगते, नाना, चहा टाकते म्हणून मी उठले तेव्हा चाचांच्या हातात चहाचा भरलेला कप होता.