चौतीस टक्क्यांवर बंद

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. संध्याकाळी ७.१०

आप्पांसमोर फोन धरून बसलो होतो, स्पीकर चालू. पलीकडे मुरूमचे चन्नबसप्पा. गेल्या रविवारी आम्ही त्यांची मुलगी महेश्वरी बघून आलो. पसंती दोन्हीकडून झाली. आज साखरपुड्याची तारीख ठरायची होती. ते म्हणाले, "पाव्हणं, एक इचारायचं ऱ्हायलंच. मल्लेशचं शिक्षण किती म्हणायचं?"

आणि फोन बंद पडला! बॅटरी ३४ टक्के होती — पाहूनच लावला होता.

चार्जरला लावला, थोड्या वेळानं सुरू झाला. आप्पा म्हणाले, आता नको, उद्या सावकाश बोलू. मलाही बरं वाटलं. माझी शाळा नववीत सुटली हे तिकडं कुणाला माहीत नाही. विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल कुणीच फोन लावला नाही. आज नागम्मा मावशी आल्या. हे स्थळ त्यांनीच आणलं. मुरूमला वेगळीच चर्चा आहे — शिक्षण विचारलं म्हणून पोराला राग आला, त्यानं फोन कापला!

मी म्हणालो, बॅटरी गेली होती. मावशी म्हणाल्या, "तुझ्या आईकडनं ऐकलं तेच सांगितलं त्यास्नी. किती होती इचारलं, म्या म्हणलं चौतीस. तिथंच फसलं बघ. म्हणले, चौतीसवर कुणाचा फोन मरतोय?"

महिनाअखेर महेश्वरीला बघायला दुसरे पाहुणे येणार आहेत. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं होतं, पण नीट पाहिलं होतं. हे स्थळ मी हातचं जाऊ देणार नाही. फोन आपला आपण मेला हे दाखवून देणार.

१२ नोव्हेंबर

नळदुर्गात दिग्विजयच्या मोबाईल दुकानात तासभर बसलो. मला वाटायचं, बॅटरीत किती उरलंय ते फोनला दिसतं. दिसत नाही! तो अंदाज करतो. किती करंट आत गेला, किती बाहेर आला ते मोजतो आणि बॅटरीचा दाब बघतो, म्हणजे व्होल्टेज. दोन्हीवरून आकडा दाखवतो. बॅटरी जुनी झाली की तिच्यात मावतं कमी, पण फोन जुनंच माप धरून बसतो. माझी चार वर्षांची आहे.

दाबाचं मला लगेच कळलं. मी ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला आहे. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येतो. टाकीत पाणी असतं, तरी शेवटच्या ओळीला थेंब पोचत नाही. त्या दिवशी स्पीकर चालू, आमच्या घरात रेंज एक काडी. फोननं सगळा जोर एकदम मागितला, दाब पडला, बंद!

घरी येऊन आईला चित्र काढून दाखवलं. आई म्हणाली, "लगीन पोरीसंगं करायचंय का बॅटरीसंगं?"

१४ नोव्हेंबर

चाचणी. पूर्ण चार्ज केला, मग बंद पडेपर्यंत वापरला. ३१ वर बंद. छान!

१६ नोव्हेंबर

पुन्हा तसंच. २२ वर बंद. थोडं कमी, पण चालेल.

१८ नोव्हेंबर

११! हे काय चाललंय?

दिग्विजय खुर्चीतून पडायचा राहिला इतका हसला. पूर्ण भरायचं, पूर्ण संपवायचं — फोनला नवं माप शिकवायची हीच तर रीत! म्हणाला, "लोक ह्याचे माझ्याकडं पैसे देतात. तू फुकटात नीट केलास."

माझा पुरावा मीच पुसला.

२० नोव्हेंबर

तरीही जाणार. बॅटरी जुनी आहे, ऐनवेळी दगा देईल. देवाकडं एवढंच मागतोय की फोन बंद पडू दे. आप्पांनी साफ सांगितलं, साखरपुड्याआधी पोरानं तिकडं जायची पद्धत नाही, मी येणार नाही. मावशी येते म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुरूमला जाऊन आलो.

चन्नबसप्पांनी बसवलं, पाणी दिलं. मी कागद पुढं ठेवला आणि दाब, माप सगळं समजावलं. ते ऐकत होते, पण बघत होते माझ्याकडं, कागदाकडं नाही. मग म्हणालो, दाखवतोच. फोनवर पंधरा टक्के होते. स्पीकर चालू करून मावशींच्या फोनला लावला, टॉर्चही लावली. सगळे टेबलाभोवती बसले. दहा. सात. चार. चहा निवून गेला. दोन. एक. मग बंद पडला — अगदी शहाण्यासारखा.

चन्नबसप्पा चष्मा काढत म्हणाले, "ह्याचा काटा तर बराबर चालतोय की."

मी परत मापाचं सांगायला लागलो. तेवढ्यात आतल्या दारातून महेश्वरी बोलली. आवाज चढवला नाही.

"फोन मेला हे मला पटतंय. पण चार्ज झाल्यावर का न्हाई लावला?"

कागद घडी करून ठेवला. मी फोन खिशात घातला.

"नववी," म्हणालो. "दहावीला बसलोच नाही. आप्पांचा पाय मोडला तेव्हा दुकानात लागलो, तो तिथंच आहे. हे तुम्हांला कळू नये म्हणून लावला नाही."

चन्नबसप्पा उठले आणि आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. आम्ही निघालो. एसटीत मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मी मात्र ताठ बसलो होतो. का, ते मलाच कळत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मावशींचा फोन. महेश्वरी सातवीपर्यंतच शिकलेली आहे. शिकलेल्या पोरांची दोन स्थळं त्यापायीच मोडली होती. मी चिठ्ठ्या शुद्ध लिहितो, दुकानाचा हिशेब ठेवतो असं मावशींनीच तिकडं सांगितलं होतं, म्हणून ते मला पदवीधर समजले होते — आणि धास्तावून विचारत होते. नववी ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. साखरपुडा ७ डिसेंबरला.