मुलाच्या नावावरचं चालणं

सातपूर,
बुधवार

प्रिय वेदू,

आजीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत, निदान वरून तरी. फोनवरच बोलले असते, पण आपल्याकडे फोन तुझ्या बापाचा आणि कान सगळ्यांचे. तू फोनवर दिसलीस की तो माझ्या खांद्यावरून डोकावतो. लेकीच्या मायेने डोकावतो असं इतके दिवस मला वाटायचं. आज तुझा बाप दुसऱ्या पाळीला गेल्यावर शेजारच्या सिंधुबाईंना बोलावून घेतलं आणि कडी लावली. मी सांगते, त्या लिहितात. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे माझं बोलणं नीटनेटकं करायची त्यांना खोड आहे. म्हणून दर चार ओळींनी मी परत वाचून घेते. हे वाक्य लिहिताना त्यांनी नाक मुरडलं, तेही लिहा म्हटलं.

उन्हाळ्यात तुझ्या बापाच्या कंपनीत तपासणी झाली आणि लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हा माझा संशय सरळ बाटलीवर गेला. तुझ्या आजोबांच्या पोटात पाणी झालेलं मी पाहिलंय. आमच्या पिढीत लिव्हर या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. मग काय, पन्नाशीच्या मुलाच्या तोंडाचा वास घेत मी रोज दारात उभी. वास यायचा बडीशेपेचा, आणि त्या बडीशेपेनेच संशय आणखी वाढला. शेवटी तू पुण्याहून आलीस आणि समजावलंस, की आजी, न पिणाऱ्यालाही हे होतं, कंपनीच्या स्टोअरमधल्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसून होतं, गोड-तळलेलं खाऊन होतं. तुझ्या कॉलेजातल्या मॅडम त्याचाच अभ्यास करतायत, व्यायामाने लिव्हर किती सुधारतं आणि पोटातले जंतू कसे बदलतात याचा, म्हणालीस. बापाचं नाव त्यात घातलंस, त्याच्या मनगटाला काळं घड्याळ बांधलंस, त्याला नवे बूट आणलेस. मला वाटलं घड्याळ वेळ बघायला असेल.

श्रावण लागला आणि ते घड्याळ माझ्या हातावर आलं. आई, हे नाडी बघतं, तुझ्या वयाला बरं, असं म्हणत त्याने स्वतः पट्टा बांधला आणि बांगड्यांच्या मागे सरकवून ठेव म्हणाला, म्हणजे तुझ्या आईच्या नजरेस पडायला नको. तुला माहितीय ना, हा माणूस दिवाळीला मला लुगडं आणायचं तरी तुझ्या आईने चारदा आठवण करून दिल्यावर आणतो. त्याला अचानक माझ्या नाडीचा एवढा कळवळा? मग मी पाळत ठेवली. सकाळी बूट घालून चालायला जातो म्हणून निघायचा, आणि भर पावसाळ्यात, कॉलनीत घोटाभर चिखल असताना, कोरड्या तळाचे बूट घेऊन परत यायचा. संध्याकाळी माझ्याशेजारी बसून माझ्या मनगटाला मोबाईल लावायचा, जसं काही ओवाळतोय.

एक दिवस तुझा फोन आला. आजी, काल बाबा एवढे कुठे चालले गं, मॅडमनी पण कौतुक केलं, असं तू म्हणालीस. काल बाबा दिवसभर स्टोअरमध्ये होता. गंगेवर, गोदेच्या घाटावर, गेले होते मी, भजनातल्या बायांबरोबर, आणि परतताना रिक्षावाला अडून बसला म्हणून आम्ही सगळ्या सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत पायी आलो. पाय माझे ठणकत होते आणि कौतुक त्याचं चाललं होतं. त्याच संध्याकाळी सिंधुबाईंनी मला घड्याळाचं खरं काम सांगितलं, की ते पावलं मोजतं आणि मोबाईलमधून तुझ्या मॅडमकडे पोचवतं.

तू विचारशील, मग तेव्हाच का नाही बोललीस? बाई, खरं सांगू, मला ते पटलं. लग्न झाल्यापासून मी दुसऱ्यांसाठी उपाशी राहत आलेय. नवऱ्यासाठी सोमवार, मुलासाठी चतुर्थी, नातवंडांच्या परीक्षेला गुरुवार. उपाशी मी राहायचं आणि गुण त्यांना यायचा, आणि वर माझी साबुदाण्याची खिचडीही तेच संपवायचे. मग म्हटलं, उपास पोचतो तर चालणं का पोचणार नाही? उलट मी जास्तच चालायला लागले. भाजी आणायला लांबच्या बाजारात, दळण घेऊन मागच्या गल्लीतल्या गिरणीत. सिंधुबाईंना ओढून बागेत फेऱ्या मारल्या, त्यांचे गुडघे अजून मला शिव्या देतात.

आणि गंमत बघ. माझं पोट, जे तुझ्या बापाच्या जन्मापासून तट्ट फुगायचं, ते गप्प झालं. सकाळी वेळच्या वेळी साफ. भाकरी अंगी लागायला लागली. मग तू सांगितलेलं आठवलं, की पोटात कोट्यवधी बारीक जीव राहतात, माणूस हलता राहिला की त्यातले चांगले वाढतात, आतड्याची भिंत सांभाळतात, लिव्हरकडे घाण जाऊ देत नाहीत, आणि चालणं सोडलं की काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखे होतात. म्हणजे हे भाडेकरू फार बेरकी. मोबाईलला फसवता येतं, पण आपला मालक चाललाय की त्याची आई, हे त्यांना बरोबर कळतं. माझ्या चालण्याचा सगळा गुण माझ्याच पोटात राहिला. तुझ्या बापाला त्यातलं काडीचंही पोचलं नाही.

मागच्या आठवड्यात माझे डोळे दाखवायला गेलो, तिथंच त्याच्याही लिव्हरच्या डॉक्टरांची वेळ होती. डॉक्टरांनी मोबाईलमधलं चालणं बघितलं, मग नवीन सोनोग्राफी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. निवृत्तीराव, एवढं नेमाने चालताय तरी लिव्हर जिथल्या तिथं, व्यायामाने काहीच होत नसेल तर दुसरं काही दडलंय का ते शोधावं लागेल, म्हणाले. पोटात सुई घालून लिव्हरचा तुकडा काढायचा, दसऱ्यानंतर. मी पदराखाली मनगट झाकून बसले होते. म्हटलं आता बोलेल, आता बोलेल. तो फरशीकडे बघत राहिला. चार माणसांत मुलाला खोटं कसं पाडायचं, म्हणून मीही गप्प. पण माझ्या पायांच्या जोरावर त्याच्या पोटात सुई जाणार, हे काही माझ्या गळ्याखाली उतरेना.

काल सकाळी तो निळ्या झाकणाची डबी घेऊन माझ्याकडे आला. मागच्या वेळी तू त्याच्यासाठी आणली होतीस तशीच, आत संडासचा नमुना घ्यायला चिमुकला चमचा. आई, तुझीपण तपासणी करून घेऊ, फुकट आहे, म्हणाला, वर तुझं पोट हल्ली छान आहे ना, असंही विचारलं. एवढं गोड तो फक्त पैसे हरवले की बोलायचा. मी हो म्हटलं आणि तो कामावर गेल्यावर तडक त्याच्या दोस्ताच्या, झुंबरच्या गॅरेजवर गेले, कारण त्याची सकाळ कुठे जाते याचा मला अंदाज होता. झुंबर आधी टायर तपासत बसला, मग चहा मागवला, मग बोलला. रोज येऊन बाकावर बसतो म्हणे, चहा-खारी खातो आणि वेळ झाली की निघतो. मी आळशाला चांगल्या शिव्या घातल्या. तेव्हा झुंबर म्हणाला, मावशी, तो आळशी नाही, घाबरलाय. त्याला म्हटलं होतं, चाल ना लेका, तर म्हणाला, चालून बघितलं आणि तरी फरक पडला नाही, तर मग माझ्याकडे काय उरलं? आजोबांचं पोट त्यानेही पाहिलंय, वेदू. तेव्हा तो दहावीला होता. मला वाटायचं, अभ्यासात असेल, त्याच्या लक्षात आलं नसेल.

तर हे पत्र कशासाठी, ते ऐक. रविवारी तू येशील तेव्हा तो तुझ्या हातात डबी देईल. ती माझी आहे. मॅडमकडे पोचली तर म्हातारीचे जंतू त्याच्या नावावर लागतील, तेव्हा ती तू न्यायची नाहीस. डॉक्टरांना सांगून सुई थांबव आणि चालणारी आई होती हे स्पष्ट सांग. त्याला रागावू नकोस, माझं नाव घेतलंस तरी चालेल, माझ्यावर चिडायची त्याला सवय आहे. फक्त एक गोष्ट त्याच्याशेजारी बसून सांग, कारण माझ्या तोंडून ती त्याला टोमणाच वाटेल. सांग, की बाबा, न चाललेल्या माणसाचं लिव्हर जिथल्या तिथं राहिलं, यात वाईट बातमी कुठे आहे? तुमचा उपाय फसलेला नाही, तो अजून केलेलाच नाही. एवढं सांगून बूट त्याच्यासमोर ठेव आणि तूही चप्पल घाल. घड्याळ मी आजच काढून ठेवलंय.

तुझीच,
संशयी पण हल्ली साफ पोटाची
कुसाआजी

(शेवटची ओळ मी गाळत होते. आजींनी परत वाचून घेतलं. – सिंधुबाई)