अंगठ्यावरच्या रेषा

प्रिय चंद्रा,

आधी हातातलं खुरपं ठेव, खाली बस, मग वाच. मी मात्र उठत-बसत लिहितेय. एका जागी बूडच ठरत नाही. दोनदा गॅस बघून आले, तो बंदच होता. पण बातमीच तशी आहे. गेल्या मंगळवारी माझा अंगठा उठला!

आठवतं, गावच्या सेंटरात? सरकारचे शेतीचे पैसे हवेत तर यंत्रावर अंगठा द्या म्हणाले. मी खोबरेल लावलं, लिंबू चोळलं, दहाही बोटं दिली, काही उठेना. भांगलून भांगलून रेषाच झिजल्या म्हणाली ती बाई. तुझं रेशनला अजून तसंच होतं ना? इथं शहरात बनशंकरीच्या देवळाजवळच्या सेंटरात नात हर्षिता मला घेऊन गेली. रांगेत एका अज्जीनं माझ्या लुगड्याचा काठ धरून भाव विचारला, ते सगळं भेटीत सांगते. यंत्रवाला स्वल्प थांबा म्हणाला, आणि पहिल्याच दाबाला हिरवा दिवा. सरी, म्हणजे ठीक, अज्जी, झालं म्हणाला. लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी अंगठा दाखवत वर आले. शुक्रवारी अडकलेले सगळे हप्ते एकदम जमा झाले. हर्षिता म्हणते, आजीच्या अंगठ्यावर पीक आलं.

दुपारी तू पाठवलेल्या तांदळाचा भात कालवत होते. किती वास गं त्याला! तेव्हा बोटांकडे लक्ष गेलं. मऊ, गुळगुळीत, परक्या बाईची वाटावीत अशी. तीन वर्षं खुरपं नाही, शेण नाही, मग रेषा परत येणारच की. तुझे हात आठवले आणि घास तसाच राहिला.

एक सांगायचं राहिलं. अंगठा द्यायच्या आधी त्या माणसानं विचारलं होतं, "अज्जी, शेती तुम्हीच करता?"

मी हो म्हणाले. पटकन म्हणाले.

मामंजींनी थोरली सून म्हणून सगळी जमीन माझ्या नावावर केली. आपल्या दोघींची कपाळं पांढरी झाली, त्या वर्षी गोठ्यात तू एकदाच म्हणालीस, "अक्का, अर्धी तरी माझ्या नावावर करा." मी म्हशीला पेंड घालत राहिले. तू परत विचारलं नाहीस, आणि मी इकडे आल्यावर सगळं शेत एकटीनं ओढलंस, तांदूळ न चुकता पाठवलास.

म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी मी बेळगावला उतरते, हप्त्यांचे पैसे घेऊन, ते तुझे. माझ्या लेकाला, अभिजीतला, आधी हे पटलं नाही, मग त्यानं स्वतःच तिकीट काढून आणलं. तुझी अर्धी जमीन तुझ्या नावावर करायची. कागदावर दोघींचे अंगठे घेतील. माझा छान उठेल. तुझा नुसता शाईचा डाग पडेल. पडू दे. शेत कुणी केलं, ते त्या डागावरून तरी दिसेल.

तुझीच,
शिवलीलाअक्का