राखणदारावरचा आळ

प्रिय बाबानू,

चिऊने आज सकाळी कणकवलीच्या दवाखान्यात आंब्याची एक फोड खाल्ली. डॉक्टरबाईंनी तिला तासभर समोर बसवून ठेवलं, मग घरी सोडलं. आता परवापर्यंत नुसती वाट बघायची. आई देवासमोरून उठत नाही. चिऊ दारापुढच्या खळ्यात सायकल फिरवतेय, जशी काही तिची गोष्टच नव्हे. आणि मला काही सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. नाहीतरी हा सगळा घोळ तुम्हीच करून ठेवलाय!

रागावू नका हं. तुमच्याशी भांडायची सवय आहे, ती अशी एका वर्षात कशी जाईल?

सुट्टी लागली तशी लेकीला घेऊन जामसंड्याहून आचऱ्याला आले. तुमच्यावाचून हा पहिला मोसम, आईला सोबत हवी होती. चिऊचा मुक्काम सगळा बागेत. कैऱ्या दातांनी फोडायच्या, पडलेला पिकला आंबा धुवायचा नाही, सोलायचा नाही, तसाच तोंडाला लावायचा. गेल्या महिन्यात एका सकाळी उठली तर ओठ सुजलेले, तोंडाभोवती बारीक पुरळ, आणि खाजवून खाजवून लाल. आईने तिला बघितलं मात्र, तिथूनच देवाला हात जोडले.

"तेंचा ह्या चेडवार इला गो!" म्हणाली.

तुमचं तिच्यावर आलं! बाबानू, हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

तुम्हाला आठवतंय ना ते वर्ष? मी शाळेत होते. टेम्पो बागेत यावा म्हणून तुम्ही बाग राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या, दगडावर आलेली फांदी तोडलीत. दुसऱ्या दिवशी तुमचे डोळे उघडेनात. पापण्या एवढ्या सुजल्या की तुम्हाला हाताला धरून न्यावं लागायचं. मानेवर फोड, बोटांच्या बेचक्यांत फोड. सगळे म्हणाले, राखणदार कोपलो. मग नारळ आला, गाऱ्हाणं झालं, आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "माजी चूक झाली म्हाराजा. आजपासून ह्या फळ मी तोंडाक लावचंय नाय."

आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

झालं! एवढ्या मोठ्या हापूसच्या बागेचा मालक, आणि मरेपर्यंत आंबा चाखला नाही. पाहुण्यांना आग्रह करकरून खायला घालायचात, आणि स्वतः ताटावर हात आडवा धरायचात. "माका नको." किती वेळा ऐकलं असेल हे मी!

आता आईचं म्हणणं असं की चिऊलाही दगडासमोर न्यायचं आणि तिच्याकडूनही तेच वदवून घ्यायचं. जन्मभर आंबा नाही. त्या पोरीने? जिला स्वप्नंसुद्धा आंब्याची पडतात तिने?

मी तोंडाला येईल ते बोलले. आईही बोलली. "तू मास्तरीण शाळेत. हयसर नको." आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "माजो एक माणूस गेलो. आता माज्यात बळ नाय गो." शेवटी ठरलं असं: आधी डॉक्टर. आंबा खाऊन परत अंगावर उठलं, तर मी स्वतः चिऊला राखणदाराकडे नेईन आणि पुन्हा एक शब्द काढणार नाही.

डॉक्टरबाई तुम्हाला आवडल्या असत्या. तरुण आहेत, पण घाई नाही. तुमची सगळी हकीकत त्यांनी काढून घेतली आणि विचारलं, "त्यांना कधी बिब्बा लावला होता का?"

लावला होता तर! तुमच्या पायात काटा मोडला होता, आजीने बिब्ब्याचा चटका दिला आणि पाय टरारून उतला, ही गोष्ट तुम्ही किती फुशारकीने सांगायचात! बाई हसल्या. म्हणाल्या, बिब्बा, काजू, आंबा, सगळं एकाच कुळातलं. चिकातला दोष तोच.

मग त्यांनी मला कातडीचा धडा शिकवला. मला! मी दरवर्षी नववीच्या पोरांकडून त्वचेच्या थरांची आकृती काढून घेते. पण ही गंमत मलाही नीट ठाऊक नव्हती. कातडीच्या वरच्या थरात म्हणे पहारेकरी पेशी असतात, हातपाय पसरून बसलेल्या. चिकातला बारीकसा कण आत शिरतो आणि आपल्याच शरीरातल्या प्रथिनांना चिकटतो. पहारेकरी तो उचलतात, मानेतल्या नाहीतर काखेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. हा परका, ओळखून ठेवा! पहिल्या खेपेला एवढंच. पण त्यातल्या काही पेशी ही ओळख जन्मभर विसरत नाहीत. पुन्हा चीक लागला की कातडीकडे धाव घेतात आणि तिथे लढाई सुरू होते. सूज, खाज, फोड, ते सगळं त्या लढाईचं. चिकापेक्षा आपलेच शिपाई जास्त नासधूस करतात.

आणि बाबानू, त्यांना जमून यायला एक-दोन दिवस लागतात.

कळलं का? तुम्ही शुक्रवारी आंबे काढलेत. शनिवारी फांदी तोडलीत. रविवारी डोळे सुजले. आणि तुम्ही धरलंत शनिवारला! त्या बिचाऱ्या राखणदाराचा काय संबंध? इतकी वर्षं तो आळ डोक्यावर घेऊन बागेच्या कोपऱ्यात गप्प बसलाय. परत येताना मी त्याच्यासमोर नारळ ठेवला आणि तुमच्या वतीने माफी मागितली. कोणीतरी मागायला हवीच होती.

आपल्या आचऱ्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला तेव्हाही चिकाचं सुचवलं होतं. पण तुम्ही वकिलासारखं उलट विचारलंत, "चिकाचा असता तर माज्या तळहातांक कित्याक नाय?" त्यांना उत्तर सुचलं नाही आणि तुम्ही जिंकलात. आज मी देते उत्तर. तळहातावर मेलेल्या पेशींचा जाडजूड थर असतो, आणि तुमचे हात तर खोडासारखे राठ. चीक आत जाणार कुठून? पापणीची कातडी मात्र सगळ्यांत पातळ. त्याच हातांनी तुम्ही घाम पुसलात, डोळे चोळलेत. हात सुटले आणि डोळे अडकले.

नवस पावला असं वाटलं, कारण त्यानंतर तुम्ही झाडावर चढणंच सोडलंत. आंब्याला हात लावेनासे झालात. मग अंगावर उठणार कसं?

चिऊच्या पाठीवर बाईंनी पट्ट्या चिकटवून बघितल्या. सालीच्या चिकाची जागा लालबुंद झाली. गराची जागा कोरी. म्हणजे दुसऱ्या कुणी आंबा नीट धुतला, देठाकडचा भाग कापून टाकला, जाड साल काढली, तर गर खाऊन बघायला हरकत नाही. पण आपल्या मनाने नाही, त्यांच्यासमोर.

म्हणजे कदाचित तुम्हालाही खाता आला असता, बाबानू. एकदा तरी माझ्याबरोबर कणकवलीला यायचं होतं! फार चुटपुट लागलीय मला याची.

आई हाक मारतेय. बाकीचं नंतर.

*

परवाचा दिवस उजाडला. मी उठायच्या आत आई चिऊच्या अंथरुणाशी जाऊन बसली होती. खिडकी उघडून, हनुवटी धरून, ओठ इकडून बघ, तिकडून बघ. मान, कान, बोटांच्या बेचक्या, सगळं तपासून झालं. काही नाही. एक पुळीसुद्धा नाही! दवाखान्यात फोन केला. बाई म्हणाल्या, छान, आता घरी द्या, पण सोलायचं काम मोठ्यांनी करायचं.

आई उठली. माळ्यावरच्या आढीतून एक आंबा घेऊन आली. धुतला, पुसला, देठाकडचा चांगला जाड काप काढून टाकला, सोलला, पुन्हा हात धुतले आणि फोडी करून वाटीत दिल्या. सगळं शिकवल्याबरहुकूम. आंबा खाताना चिऊ बोलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. शेवटची फोड उरली तेव्हा तिने ती आजीपुढे धरली.

"माका नको गो."

"तुलापण पुरळ येतं?"

"नाय गो बाय."

"मग?"

"तेंनी सोडल्यानी," आई म्हणाली. "मगे माज्या तोंडात कसो जातलो?"

बाबानू, ऐकलंत? दरवर्षी आढी लावणारी ती, आमरस काढणारी ती, आमच्या वाट्या पुन्हा पुन्हा भरणारी ती. तिने इतकी वर्षं खाल्ला नाही? तुम्हाला माहीत होतं का हो? नसणारच. माहीत असतं तर त्याच दिवशी तुम्ही राखणदाराशीसुद्धा भांडला असतात.

चिऊला असलं काही कळत नाही. तिने सरळ फोड आजीच्या तोंडात घातली. आईने डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मग पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "गोड आसा गो. तेंका सांग."

सांगितलं, बाबानू. गोड आहे.

आता माझा शब्द ऐका. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी तुमच्या पानात आंबा वाढीन, आणि शेजारी आईलाही बसवून खायला घालीन. ती नको म्हणाली तरी घालीन.

तुमची,
शालू